कारागिराची भाकरी व त्याचें स्वातंत्र्य

दिवाळीचे दिवस जवळ येऊं लागले कीं पुण्यामुंबईंत, आणि आतां लहानमोठ्या इतर शहरांतही, हस्तकौशल्याच्या वस्तूंचे बाजार भरूं लागतात. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं, येवल्याच्या पैठण्या, वारली चित्रें, कोल्हापुरी वहाणा, आणि त्यांच्या शेजारींच शहरांतील होतकरू मंडळींनीं घरीं केलेल्या मेणबत्त्या, साबण व मातीचीं भांडीं, असा सरमिसळ माल एका मैदानावर मांडलेला असतो. आपला सुशिक्षित वर्ग तेथें हौसेनें जातो, कांहीं विकत घेतो, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानांत घरीं परततो. या बाजारांविषयीं जें लिहिलें जातें त्यांत बहुधा दोनच सूर आढळतात. एक कौतुकाचा व दुसरा कींव करण्याचा. परंतु ज्या गोष्टीवर अनेक कुटुंबांची आशा लागून राहिली आहे, तिच्या वांट्याला थोडी चिकित्साही यावयास हवी. ग्रंथाचें परीक्षण करतांना आपण हेतु कोणता, तो सिद्धीस गेला काय, व गेला नसल्यास उणीव कोठें राहिली, हें पाहतों. तोच न्याय या संस्थेला कां लावूं नये?

त्यासाठीं कसोटी लागते, आणि ती आमच्या मतें तीन जुन्या ग्रंथांच्या एकत्र वाचनांतून मिळते. पहिला, इंग्रज वास्तुविशारद सी. आर. ॲशबी यांचा ‘क्राफ्ट्समनशिप इन काँपिटिटिव्ह इंडस्ट्री’ (१९०८). दुसरा, आनंद कुमारस्वामी यांचा ‘दि इंडियन क्राफ्ट्समन’ (१९०९). आणि तिसरा, आपल्याच त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ (१९१५). पहिल्या दोहोंचा संबंध निकटचा आहे. कुमारस्वामी त्या काळांत ॲशबींच्या कँपडन गांवालगतच राहत होते, आणि ‘दि इंडियन क्राफ्ट्समन’ला प्रस्तावना ॲशबींचीच आहे. आत्रे निराळ्या वाटेनें आले; त्यांच्यापुढें कलेचा प्रश्न नव्हता, खेड्याच्या संसाराचा होता. तरी तिघांच्याही मुळाशीं एकच विवंचना आहे: हातानें वस्तु घडविणाऱ्या माणसानें जगावें कसें?

ॲशबींचा ग्रंथ हा एका अपयशाचा जमाखर्च आहे, आणि तेंच त्याचें मोल. १८८८ सालीं लंडनच्या पूर्व भागांतील गरीब वस्तींत त्यांनीं ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ हा कारागिरांचा संघ काढला. चांदीकाम, दागिने, सुतारकाम, लोहारकाम असे उद्योग त्यांत चालत. १९०२ सालीं बायकामुलें धरून सुमारें दीडशें माणसें लंडन सोडून चिपिंग कँपडन या आडबाजूच्या गांवीं जाऊन राहिलीं. माल उत्तम होत होता, नांवलौकिकही होता. तरी १९०७-०८ मध्यें संघाचा कारभार आटोपता घ्यावा लागला. त्याचीं जीं कारणें ॲशबींनीं दिलीं आहेत, तीं आजच्या प्रत्येक बाजार भरविणाऱ्यानें वहींत उतरून ठेवावींत. लंडनमध्यें काम मंदावलें म्हणजे कारागीर तात्पुरती दुसरीकडे चाकरी धरी व तेजी येतांच परत येई. खेड्यांत ती सोय नव्हती, म्हणून खप असो वा नसो, माल होत राही व सांचून राही. मोठीं दुकानें त्याच घाटाचा माल यंत्रानें करवून स्वस्त विकूं लागलीं. आणि तिसरें कारण हौशी लोकांची चढाओढ. ज्यांचें पोट त्या कामावर नाहीं अशी सुखवस्तु मंडळी वेळ जावा म्हणून तीच वस्तु करीत, व स्वतःच्या श्रमाचा एक पैही न धरतां विकून टाकीत. अशा हौशी बाईला ॲशबींनीं ‘प्रिय एमिली’ असें उपरोधिक नांवच ठेवलें आहे.

हा उपरोध वाचतांना आजचा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. एका गाळ्यांत पिढीजात कुंभार बसला आहे. त्याला माती, लांकूडफांटा, प्रवास व चार तोंडें यांचा हिशेब मांडावयाचा आहे. शेजारच्या गाळ्यांत रविवारीं चाक फिरविणारे कोणी नोकरदार गृहस्थ आहेत; त्यांना साहित्याचे पैसे सुटले म्हणजे आनंद. दोघांच्या वाडग्यांची किंमत एकच राहिली तर बुडतो तो पहिला. तथापि ॲशबींच्या उपरोधांत थोडा अन्यायही आहे. आपल्याकडे जी गृहिणी घरीं गोधड्या शिवून बाजारांत आणते, तिच्या हातीं कित्येकदां आयुष्यांतला पहिला स्वकष्टार्जित पैसा तेथेंच पडतो. तिला ‘एमिली’ म्हणून हिणविणें हें मोठें कोतेपण होईल. दोष हौसेचा नाहीं, फुकट श्रमाचा आहे. हौशी असो वा धंदेवाईक, आपले तास मोजून त्यांचा दाम किंमतींत धरणें, हें शेजारच्या गाळेवाल्याविषयींचें पहिलें कर्तव्य आहे.

आतां कुमारस्वामींकडे वळूं. ॲशबींना जें हातीं लागलें नाहीं तें हिंदुस्थानांत पूर्वापार नांदत होतें, असा त्यांचा एकंदर रोख आहे. खेड्याचा कारागीर, शहरांतील श्रेणींतला कारागीर, राजाश्रयाचा कारागीर, या प्रत्येकाचें समाजांतील स्थान निश्चित होतें. उद्यांची भ्रांत नसल्यामुळें त्याला कामांत मन घालतां येई, आणि म्हणून काम सुंदर होई. हा विचार उदात्त आहे व त्यांत सत्यांशही आहे. परंतु तो वस्तूकडून माणसाकडे जातो. वस्तु सुंदर दिसली कीं करणारा सुखी असलाच पाहिजे, असें अनुमान त्यांत नकळत शिरलें आहे.

याच व्यवस्थेकडे आत्रे शेतांतून पाहतात. ‘गांवगाडा’ वाचतांना बलुत्याची रम्यता पार ओसरते. काम करो वा न करो, बरें करो वा वाईट, वतन वडिलोपार्जित आणि बलुतें ठरलेलें. मग कसब वाढवावें कशाला? कुणब्यानें तक्रार करावी तर गांवांत दुसरा सुतार यावयाचा नाहीं. निश्चिंतीनें कला फुलते, असें कुमारस्वामी म्हणतात. निश्चिंतीनें हत्यार गंजतें, असें आत्र्यांच्या विवेचनाचें सार आहे. मराठी गद्यांत इतक्या परखड व बारीक निरीक्षणाचे ग्रंथ थोडे आहेत. पण आत्र्यांची सहानुभूति प्रायः कुणब्याच्या बाजूची आहे, आणि तेथें त्यांचेंही एक अंग झांकलें जातें. कुणब्याला सुतार बदलतां येत नसे हें खरें. पण सुतारालाही गिऱ्हाईक बदलतां येत नसे. चांभाराला ‘हें काम मी करणार नाहीं’ किंवा ‘याचे इतके पडतील’ असें म्हणण्याची सोय नव्हती. त्याचा दाम त्याच्या कामावरून ठरत नसे, जातीवरून ठरत असे; आणि दामाबरोबर त्याची पायरीही.

तिन्ही ग्रंथ शेजारीं ठेवले म्हणजे कसोटी आपोआप हातीं येते. ॲशबींच्या कारागिराला स्वातंत्र्य होतें, पण भाकरीची शाश्वति नव्हती. बलुतेदाराला भाकरीची शाश्वति होती, पण स्वातंत्र्य नव्हतें. हस्तकौशल्याच्या बाजाराचें यश गर्दीवरून किंवा वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरून मोजावयाचें नाहीं. कारागिराला तो एकाच वेळीं या दोन्ही गोष्टी किती देतो, हें पाहावयाचें आहे.

स्वातंत्र्याचा विचार प्रथम करूं. याच लंडनमध्यें दोन वर्षांच्या अंतरानें दोन प्रदर्शनें भरलीं. १८८६ च्या वसाहतींच्या व हिंदुस्थानच्या प्रदर्शनांत हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर काम करतांना बसविले होते. त्यांपैकीं बरेचसे आग्र्याच्या तुरुंगांत काम शिकलेले होते. तेथें माणूस हाच प्रदर्शनाचा नग झाला होता. १८८८ सालीं ‘आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स एक्झिबिशन सोसायटी’चें पहिलें प्रदर्शन भरलें, वॉल्टर क्रेन तिचे अध्यक्ष होते. वस्तूचा आराखडा ज्यानें काढला त्याच्याबरोबर, ती ज्यानें प्रत्यक्ष घडविली त्याचेंही नांव यादींत छापावें, असा त्या संस्थेचा दंडक होता. आपले आजचे बाजार या दोहोंपैकीं कोणाचे वारस आहेत? पुष्कळ ठिकाणीं गाळ्यावर राज्याचें नांव असतें, संस्थेचें असतें, योजनेचें असतें, करणाऱ्याचें नसतें. त्याला फेटा बांधून चाकाशीं बसविलेलें असतें, आणि लोक त्याचें चित्र टिपून पुढें जातात. मुद्रकाचेंही नांव आपण पुस्तकावर छापतों. मग हातानें विणलेल्या वस्त्रावर विणकराचें नांव असावें, ही मागणी फार मोठी म्हणतां येईल काय?

स्वातंत्र्याची दुसरी खूण म्हणजे आपला दाम आपण सांगण्याचा अधिकार. बलुत्यांत जो अधिकार नव्हता तो बाजारानें दिला, हें त्याचें निर्विवाद श्रेय आहे. आणि तोच अधिकार आपण घासाघिशीनें काढून घेतों. मोठ्या दुकानांत छापील किंमत निमूटपणें देणारे आपण, कारागिरासमोर येतांच निम्म्यापासून बोलणें सुरू करतों. सायंकाळीं परतीच्या गाडीचें भाडें ज्याला काढावयाचें आहे तो अखेर मान तुकवितो, आणि आपण त्याला व्यवहारचातुर्य समजतों.

या विसंगतीचें ठळक उदाहरण कोल्हापुरी वहाणेचें आहे. बाभळीची साल व हिरडा यांनीं कातडें कमवावयाचें, खिळा न वापरतां कातड्याच्याच वादीनें तळ शिवावयाचा, हें तिचें जुनें तंत्र. २०१९ सालीं महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या नांवें तिला भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें. जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा या पेढीनें त्याच घाटाच्या वहाणा कोल्हापूरचा उल्लेख न करतां मांडल्या, तेव्हां आपल्याकडे मोठा संताप झाला, व तो योग्यच होता. पुढें पेढीनें त्यांचें मूळ भारतीय असल्याचें मान्यही केलें. परंतु संरक्षण मिळालें तें स्थळाच्या नांवाला. शिवणाऱ्याचें नांव परक्या पेढीनें वगळलें, तसें आपणही वगळीत आलों आहों. आणि परदेशांतील किंमतीचा आंकडा ऐकून जे संतापले, त्यांतील कितीकांनीं पुढील खेपेस महाद्वार रस्त्यावर भाव पाडून मागितला नसेल?

आतां भाकरीचा विचार. येथें बाजाराची बाजू अधिक लंगडी आहे. गाळ्याचें भाडें आगाऊ भरावयाचें, माल आपल्या खर्चानें आणावयाचा, परगांवीं राहावयाचें, आणि पावसाची सर आली किंवा सुटीच्या दिवशीं गर्दी झाली नाहीं तर न खपलेला माल पाठीवर घेऊन परतावयाचें. सर्व जोखीम कारागिराची. भरविणाऱ्याचें भाडें मात्र आधींच वसूल. १९९४ सालीं जया जेटली यांच्या कल्पनेंतून दिल्ली हाट उभा राहिला तो हाच प्रश्न ओळखून: कायमची जागा, आणि कारागिरांना पाळीपाळीनें थोड्या दिवसांसाठीं गाळा. कल्पना मोलाची होती, व पुष्कळांना तिनें हात दिला. परंतु कारागिरांच्या नांवावर व्यापारीच गाळे अडवून बसतात, ही तक्रारही तेथें वारंवार होत आली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजीं तेथें आग लागून अनेक गाळे जळाले, तेव्हां एका रात्रींत कित्येकांचें भांडवल राख झालें. जोखीम कोणाच्या माथीं असते, हें सांगावयास याहून कठोर उदाहरण नको.

कोणी म्हणेल, यंत्राचा माल स्वस्त आहे, गरिबाला तोच परवडतो; मग हातकाम टिकविण्याचा अट्टाहास कशासाठीं? हा आक्षेप ॲशबींनींही पुढें मानला. १९११ च्या आपल्या ग्रंथांत आधुनिक संस्कृति यंत्रावर उभी आहे, हें त्यांनीं मोकळेपणीं मान्य केलें. आमचेंही यंत्राशीं वैर नाहीं. बादली यंत्रानें करावी, आणि ती कुंभारानें केली नाहीं म्हणून अश्रु ढाळूं नयेत. परंतु जेथें हाताचें काम खरोखर सरस आहे, पायाच्या मापानें शिवलेली वहाण, दोन पिढ्या टिकणारें लुगडें, सुरांत लावलेला मिरजेचा तंबोरा, तेथें तें दयेवर जगतां कामा नये. दया वर्षांतून एकदां येते. पोट रोज लागतें.

म्हणून बाजार भरविणाऱ्यांना आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. गाळा करणाऱ्याला द्यावा, अडत्याला नको. आगाऊ भाड्याऐवजीं विक्रींतला ठराविक हिस्सा घ्यावा, म्हणजे जोखमींत भरविणाराही भागीदार होईल. प्रत्येक नगावर करणाऱ्याचें नांव व गांव असावें. हौशी मालालाही श्रम धरूनच किंमत लावण्याचा नियम असावा. आणि गाळ्यागणिक एक मागणीवही असावी, कारण बाजाराचा खरा हिशेब तो उठल्यानंतर सुरू होतो: किती गिऱ्हाइकांनीं पुढील मागणी नोंदविली, किती जण दुरुस्तीसाठीं परत आले, हा आंकडा शेवटच्या दिवसाच्या गल्ल्याहून अधिक बोलका आहे.

राहिले आपण, विकत घेणारे. बलुत्याची बेडी गेली तें उत्तम झालें. पण तिच्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली. करणारा व वापरणारा एकमेकांस ओळखीत. सुताराला आपण केलेली तिफण कोणाच्या शेतांत चालते हें ठाऊक असे, आणि ती मोडली तर ती त्याच्याच अंगणांत येई. ही ओळख जातीच्या सक्तीवांचून, राजीखुशीनें पुन्हां जोडतां येईल काय, हा खरा प्रश्न आहे. येईल, असें आम्हांस वाटतें. मात्र त्यासाठीं दहा गाळ्यांवर दहा फुटकळ वस्तु घेण्याऐवजीं एका कारागिराचें नित्याचें गिऱ्हाईक व्हावें लागेल. त्याचें नांव लक्षांत ठेवावें, विसार देऊन पुढच्या वर्षाची वस्तु आज सांगावी, तुटली तर त्याच्याकडेच दुरुस्तीस धाडावी, आणि त्यानें सांगितलेला दाम द्यावा. न पटल्यास न घ्यावी, पण पाडून मागूं नये. इतकें शंभर घरांनीं केलें, तर चार-दोन कारागिरांना पुढच्या दिवाळीपर्यंतची भाकरी मिळेल, आणि ती कोणापुढें मान न वांकवितां मिळेल.