उताऱ्याचे आकलन आणि प्रवेशपरीक्षेतील गुण

महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षांसाठी जी मार्गदर्शक पुस्तके निघतात, त्यांतील आकलनविषयक प्रकरण बहुधा एकाच गृहीतावर उभे असते. आकलन ही विषयनिरपेक्ष अशी शक्ती असून काही क्लृप्त्यांनी ती वाढविता येते, हे ते गृहीत होय. प्रश्न आधी वाचावेत व उतारा मागाहून. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे निरपवाद शब्द असलेले पर्याय वगळावेत. दोन पर्याय उरल्यास सौम्य भाषेतील पर्याय निवडावा, असा हा उपदेश असतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

या क्लृप्त्या सर्वस्वी निष्फळ आहेत असे म्हणता येत नाही. आणि चिंतेची गोष्ट नेमकी हीच आहे. अमेरिकेतील ‘सॅट’ ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली. तिच्यातील आकलनाचे प्रश्न स्टुअर्ट कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांना उताऱ्याविनाच सोडवावयास दिले व आपले निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध केले. पाचांतून एक पर्याय डोळे मिटून निवडल्यास शेकडा २० उत्तरे बरोबर यावीत; प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक आली. उतारा वाचणाऱ्यांना अर्थातच याहून जास्त गुण मिळाले. तथापि गुणांचा काही अंश वाचनावाचूनही पदरात पडतो, हे उघड झाले. क्लृप्तीची धाव या अंशापुरतीच असते.

उरलेला, म्हणजे मोठा अंश कशाने वाढतो? डॉना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांचा १९८८ मधील प्रयोग येथे उद्बोधक आहे. त्यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. चाचण्यांत कच्चे वाचक ठरलेले, परंतु खेळ जाणणारे विद्यार्थी, खेळ न जाणणाऱ्या निष्णात वाचकांपेक्षा सरस ठरले. याचा अर्थ असा की, मजकुरात जे लिहिलेले नसते ते भरून काढणारे ज्ञान हा आकलनाचाच घटक होय.

हे मराठीतही पडताळून पाहता येईल. ‘पाऊस लांबल्याने खरिपाची पेरणी हुकली, रब्बीवर मदार ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही’, हे वाक्य घ्या. कोणती पेरणी हुकली, हे कोणीही सांगेल. परंतु पुढील पेरणी पावसाळा सरल्यावर जमिनीतील ओलीवर व्हावयाची, हे वाक्यात नाही. ज्यास ते ठाऊक नाही त्यास शब्द कळले, परिस्थिती कळली नाही.

यावर आक्षेप असा येईल की, परीक्षेत कोणत्या विषयाचा उतारा येईल हे कोणास ठाऊक? आक्षेप रास्त आहे, पण तो क्लृप्तीचे समर्थन करीत नाही. विषय अनिश्चित असल्यास वाचनाचे क्षेत्र विस्तृत हवे, एवढेच त्यातून निष्पन्न होते. ‘जरी–तरी’, ‘तथापि’, ‘किंबहुना’ यांसारख्या शब्दांनी विचार कसा वळतो, हेही शिकविले पाहिजे. मात्र ते सलग, सकस मजकुराच्या संगतीत.

केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठी २०२२ साली सुरू झालेल्या सामायिक परीक्षेतील १३ भाषांत मराठीचा समावेश झाला, म्हणून हा प्रश्न आपल्या विभागासही लागू आहे. तिच्या अभ्यासक्रमात उताऱ्यास ३०० ते ३५० शब्दांची कमाल मर्यादा होती. सॅटच्या संगणकीय स्वरूपात तर उतारे २५ ते १५० शब्दांचे असून प्रत्येकावर एकच प्रश्न असतो. परीक्षेला आखूड उतारा सोयीचा असेल. पण अध्यापनही त्या मापाने कापले जाऊ लागले, तर दीर्घ विवेचन पेलण्याची सवयच लागणार नाही.

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. शिक्षकांनी सरावाच्या वेळी केवळ उत्तर न स्वीकारता, ते उताऱ्यातील कोणत्या वाक्यावर आधारलेले आहे व इतर पर्याय का त्याज्य ठरतात, हे विद्यार्थ्याकडून वदवून घ्यावे. आणि इतिहास, विज्ञान, अर्थशास्त्र यांतील संपूर्ण प्रकरणे त्याच्याकडून वाचून घ्यावीत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी आपले प्रश्न आधी काही विद्यार्थ्यांना उतारा न देता सोडवावयास द्यावेत, आणि जे तसेही सुटतील ते काढून टाकावेत. ही दुसरी सूचना अमलात आली, तर क्लृप्त्यांचे मोल आपोआप उतरेल आणि गुणांसाठी तरी वाचणे भाग पडेल.