बोदोनीचे तिरपे अक्षर

छापील अक्षर वाचले जाते, तसे ते पाहिलेही जाते. या दोन कामांची ओढाताण प्रत्येक टाइपात असतेच. परंतु बोदोनीच्या इटालिकात ती जितकी उघड दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

इटालिक हे तिरपे वळण जुने आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने 1501 मध्ये व्हर्जिलची काव्ये याच वळणात छापली. ते अक्षर लेखनिकाच्या हाताला जवळचे, आटोपशीर होते. अख्खे पुस्तक त्यात सुखाने वाचता येई. पुढे 1768 मध्ये पार्माच्या ड्यूकचे मुद्रणालय जांबात्तिस्ता बोदोनीच्या हाती आले, आणि त्याने या वळणाला दरबारी पोशाख चढविला. मुख्य रेघा भरदार, तर जोडरेघा केसासारख्या बारीक. आपल्या बोरूने काढलेल्या अक्षराची जाडी बोरूच्या तिरप्या कापातून येते. हे अक्षर मात्र टोकदार लेखणीच्या जातीचे, दाबली की जाड आणि सैल सोडली की बारीक.

मोठ्या आकारात, गुळगुळीत कागदावर, सभोवती भरपूर मोकळी जागा ठेवून ग्रंथाचे नाव अथवा निमंत्रणाचा मथळा यात छापावा; त्याच्या डौलाला तोड नाही. मात्र तेच अक्षर बारीक करून परिच्छेद भरला, की केसरेघा विरतात आणि कललेल्या खुंटांची रांग तेवढी उरते.

एका देवस्थानच्या उत्सवपत्रिकेची इंग्रजी बाजू परगावच्या कुळाव्यांसाठी अशीच छापलेली आम्ही पाहिली. पालखीची वेळ 8 होती. आकड्याची बारीक रेघ उठलीच नाही, आणि एक वृद्ध गृहस्थ तो 5 समजून तीन तास आधी मंडपात येऊन बसले. पत्रिका देखणी होती, हे त्यांनीही मान्य केले! पण वकिलीच्या धंद्यात राहून आम्हांस इतके कळते, की जी सूचना वाचता आली नाही ती पोचली असे म्हणता येत नाही.

हा दोष बोदोनीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याने प्रत्येक आकाराचे ठसे वेगळे कोरले होते. 1813 मध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने 1818 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेली त्याची नमुनावही त्याची साक्ष देते. संगणकावर मात्र बहुधा एकच आकृती लहानमोठी केली जाते. हे ओळखूनच 1994 च्या आयटीसी बोदोनीत 6, 12 व 72 पॉइंटांसाठी तीन निराळी रूपे सिद्ध करण्यात आली.

तेव्हा आमचा अभिप्राय थोडक्यात असा: हे अक्षर महाद्वारावर शोभते. तिथी, वार, वेळ व स्थळ मात्र साध्या, उभ्या अक्षरात द्यावे. देवळात येणाऱ्याला आधी वाट दिसली पाहिजे. कमानीचे कौतुक तो मागाहून करील.