प्रशिक्षण झालं, पण नोकरी कुठाय?

पाचाडच्या बाजूच्या रानात मी दोन हंगाम झाडं मोजली. दोरी लावून दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखायचे आणि आतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि खोडाचा घेर लिहायचा. माझ्या पीएच.डी.तला हा सगळ्यात दमवणारा भाग. सोबत गावातला एक मुलगा असायचा, दहावीनंतर शिक्षण सुटलेला. मार्चमध्ये पानं झडली की माझी पंचाईत व्हायची. तो लांबूनच सांगायचा, "ताई, तो ऐन. साल बघा ना, सावित्रीतल्या मगरीच्या पाठीसारखी. पलीकडचा किंजळ."

यंदा फोन केला तर तो महाड एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागलेला. "रानातलं कायमचं काम असेल तर सांगा, लगेच येतो," म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून 'तरुणांना वनक्षेत्रात रोजगार' असं आपण म्हणतो त्यात नेमकं काय असतं, ते शोधत बसले. आजची पोस्ट त्यावर.

पहिला रस्ता सरकारी, वनरक्षक भरतीचा. २०२३ च्या जाहिरातीत २,१३८ पदं होती. लेखी परीक्षा १२० गुणांची: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी, प्रत्येकी ३०. धावण्याला ८०. वन आणि वन्यजीव कुठे? सामान्य ज्ञानात, जिल्ह्याच्या भूगोल-इतिहासाच्या शेजारी. म्हणजे २०० पैकी ३० गुणांतला एक तुकडा. शिवाय बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय हवा; अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी चालते. माझा सोबती त्यात बसत नाही, त्यामुळे तो दारातच अडला.

पण परीक्षेला नुसत्या शिव्या घालणं सोपं आहे. समजा, झाडं ओळखायची तोंडी परीक्षा ठेवली. गुण देणारा कोण? तिथे वशिला शिरायला किती वेळ लागेल? धावण्याचं घड्याळ निदान कुणाचा भाचा आहे ते विचारत नाही. म्हणून माझी तक्रार परीक्षेबद्दल कमी आणि आत जायला तेवढं एकच दार असण्याबद्दल जास्त आहे.

दुसरा रस्ता प्रशिक्षणाचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा हरित कौशल्य विकास कार्यक्रम २०१७ मध्ये १० जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू झाला आणि २०१८ पासून देशभर. तीन वर्षांत पाच लाखांहून जास्त लोकांना तयार करायचं, हे उद्दिष्ट. कल्पना चांगलीच आहे. पण हे उद्दिष्ट माणसं 'तयार' करण्याचं आहे. तयार झाल्यावर त्यांना पगार कोण देणार, किती महिने देणार, हे त्या आकड्यात दिसत नाही. प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो आणि मुलगा परत ठेकेदाराकडे जातो. माझ्या सोबत्याला तर ऐन-किंजळ शिकवायचीही गरज नव्हती. त्याच्याकडे कौशल्य होतं, त्या कौशल्याला गिऱ्हाईक नव्हतं.

तिसरं उदाहरण जवळचंच. आपली सावित्री महाडवरून खाली जाऊन बाणकोटला समुद्राला मिळते. त्या मुखाजवळ मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे २००२ मध्ये सागरी कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. इथे आधी मिळकत आली, म्हणून मला हे उदाहरण पटतं. पण त्याला मर्यादाही आहे. हंगाम थोड्या महिन्यांचा, आणि कमाई पाहुणे ठेवता येतील अशा घराची. पाचाडला पर्यटक कमी नाहीत, पण ते रायगडासाठी येतात. रोपवेतून दिसणारं रान त्यांच्यासाठी नुसता देखावा.

मग करायचं काय? एक दार कायद्यात आधीच आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. आता नोंदवही एकदा लिहिली की काम संपलं असं नसतं. कुठला झरा आटला, कुठे वणवा लागला, कुठलं झाड फुललं, हे वर्षभर बघावं लागतं. यासाठी गावातलाच एक पगारी माणूस का नको? आणि अशा प्रत्येक योजनेच्या अहवालात किती जणांना शिकवलं यासोबत पगाराचे किती दिवस दिले, तेही छापा. योजनेचं खरं माप तिथे कळेल.

हे माप मी आधी स्वतःला लावून बघितलं. दोन हंगामांत मिळून मी त्याला ४३ दिवसांची मजुरी दिली. माझी फेलोशिप मात्र बाराही महिने चालू होती. प्रबंधात त्याचं नाव 'आभार'मध्ये शेवटच्या ओळीत येणार होतं. आता ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात घालतेय, कारण झाडं त्याने ओळखली. पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात मदतनिसाचा वर्षभराचा पगारही मागणार आहे. मंजूर होईल की नाही, बघू. झाला तर पहिला फोन त्यालाच.