शिक्षा : भोगायची की घ्यायची?

हिंदी मुलखात पहिल्यांदा गेलेल्या मराठी माणसाला ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून हसू येतं. आम्हालाही आलं होतं. तिथे शिक्षा म्हणजे शिक्षण. बंगालीत, ओडियातही तेच. मराठीत मात्र ती भोगायची गोष्ट. आणि यात आपण एकटे नाही बरं का. कन्नड, तेलुगूतही शिक्षा म्हणजे दंडच. समुद्रापलीकडे थाई ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास, तर इंडोनेशियन ‘सिक्सा’ म्हणजे चक्क छळ!

यावरून एक युक्तिवाद नेहमी कानावर येतो. शब्द मुळात एकच, तेव्हा छडी हीसुद्धा शिकवण्याचीच रीत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने, कलम 17 ने, मुलांना मारायला बंदी घातली ती आपल्या परंपरेला सोडून. आम्हाला हा युक्तिवाद लटका वाटतो.

एक तर मूळच नीट पाहिलेलं नसतं. धातुपाठात ‘शिक्ष्’ हा स्वतंत्र धातू आहे, अर्थ विद्या ग्रहण करणे. आधुनिक भाषाभ्यासक तो ‘शक्’च्या इच्छार्थक रूपातून आणतात : जमावं असं वाटणं, समर्थ होऊ पाहणं. दोन्हीकडे कर्ता कोण? शिकणारा! मास्तर अजून वर्गात आलेलेच नाहीत. पाली ‘सिक्खा’ म्हणजे शील, समाधी, प्रज्ञा यांचा स्वतः करायचा अभ्यास. आणि शासनासाठी संस्कृतात ‘दंड’ हा शब्द होताच की; कौटिल्याची दंडनीती आठवा.

मग अर्थ घसरला कुठे? “थांब, तुला चांगला धडा शिकवतो,” असं आपण म्हणतो ना, तिथे. शिकण्याची क्रिया शिकणाऱ्याच्या हातून निसटली की हे होतं, आणि ते फक्त भारतात होत नाही. ग्रीक ‘पैदेइया’ प्लेटोकडे माणसाची घडण आहे, बायबलच्या नव्या करारात ताडन. त्याच घराण्यातलं आजचं ग्रीक क्रियापद ‘पेदेवो’ म्हणजे छळणे.

दुसरं, मुळात अर्थ मारणं असाच असता तरी काय सिद्ध झालं असतं? काहीच नाही. शब्दाच्या जन्मपत्रिकेवरून आजचं वागणं योग्य ठरत नाही. म्हणूनच ‘मराठीने पवित्र शब्द बिघडवला’ ही उलटी तक्रारही आम्हाला पटत नाही. मराठीने शिक्षण आणि शिक्षा हे दोन शब्द वेगळे ठेवले. मराठी पोर म्हणू शकतं, मला शिक्षण हवं, शिक्षा नको. हिंदीला तेच म्हणायला फारसीतून ‘सजा’ आणावी लागली.