'गुड टू ग्रेट' वाचताय? आधी नमुना बघा

पेटचा निकाल लांबला, फेलोशिपची जाहिरात येईना, की अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी एखादं प्रेरणादायी पुस्तक येऊन बसतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर त्या पुस्तकाची पद्धतही तपासा. जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट' (2001) यासाठी उत्तम, कारण ते स्वतःला संशोधन म्हणवतं.

कॉलिन्स यांच्या चमूने 1,435 कंपन्यांतून 11 निवडल्या. आधीची 15 वर्षं परतावा बाजाराइतका किंवा कमी, आणि पुढची 15 वर्षं बाजाराच्या किमान तिप्पट, हा निकष. 'फक्त यशस्वी कंपन्याच पाहिल्या' ही नेहमीची टीका मला आळशी वाटते. प्रत्येक कंपनीसमोर त्यांनी तिच्यासारखीच, पण झेप न घेतलेली कंपनी ठेवली होती. म्हणजे तुलनेसाठी गट होता.

गोची वेगळीच आहे. दोन्ही गट निकाल बघून निवडलेले. त्यामुळे यशस्वी कंपन्यांत नम्र आणि जिद्दी नेतृत्व होतं, एवढं समजतं. असं नेतृत्व असलेल्या एकूण किती कंपन्या यशस्वी झाल्या, ते समजत नाही. धास्तावलेल्या वाचकाला उत्तर मात्र नेमकं दुसऱ्या प्रश्नाचं हवं असतं! शिवाय ही नम्रता मोजली कशावरून? बरीचशी छापून आलेल्या लेखांवरून आणि अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून. कंपनी वर गेली की साहेब 'निश्चयी', खाली आली की तेच साहेब 'हेकेखोर'. फिल रोझेनझ्वाइग यांनी 'द हेलो इफेक्ट' (2007) मध्ये यावरच बोट ठेवलंय. (टॉपरच्या मुलाखती वाचतानाही हे आठवू द्या.)

त्या 11 पैकी फॅनी मे सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली आणि सर्किट सिटीने नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एवढ्यावरून पुस्तक खोटं ठरत नाही; ते भूतकाळाबद्दल बोलत होतं. आपण ते भविष्यासाठी वाचतो.

मग त्यात काहीच नाही का? आहे. व्हिएतनाममध्ये 1965 ते 1973 युद्धकैदी राहिलेल्या जेम्स स्टॉकडेल यांचा भाग जरूर वाचा. शेवटी सुटका होईल हा विश्वास सोडायचा नाही, पण 'नाताळपर्यंत सुटू' असली तारीखही मनाशी धरायची नाही. निकालाची वाट बघणाऱ्याला हे लगेच पटेल. गंमत म्हणजे ही एका माणसाची साक्ष आहे. तिला त्या 11 कंपन्यांच्या आकडेवारीचा टेकू लागत नाही.

आता तुमचा आराखडा काढा. 'यशस्वी बचत गटांच्या यशाची कारणे' असा विषय असेल आणि नमुन्यात फक्त बक्षीस मिळालेले गट असतील, तर तिथेच थांबा. एखाद्या तालुक्यात एका वर्षी सुरू झालेल्या सगळ्या गटांची यादी मिळवा, चाललेल्या आणि बंद पडलेल्या, आणि मगच गाइडना भेटा.