वानरांचा राजा

व्यंगचित्राचा प्राण अतिशयोक्ती होय. नाक किंचित लांब करावे, पोट थोडे पुढे काढावे, आणि त्या एका रेषेतून एका माणसाचा स्वभाव प्रकट व्हावा, यात या कलेचे सामर्थ्य आहे. मात्र ती अतिशयोक्ती व्यक्तीला सोडून वंशाला चिकटली की उरतो तो केवळ तुच्छभाव.

अमेरिकेतील आरंभीच्या व्यंगचित्रपटांत हे वारंवार घडले. काळा माणूस म्हणजे जाड ओठ, वटारलेले डोळे, आळस आणि नाचगाणे! हा साचा चित्रकारांना निरीक्षणातून गवसला नव्हता. तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांकडून तो आयता आला होता. 'डंबो' (१९४१) मधील कावळे काळ्या लोकांच्या ढंगात बोलतात, पण त्यांच्या म्होरक्याचा आवाज क्लिफ एडवर्ड्‌स या गोऱ्या गायकाचा आहे. पुढे १९६८ मध्ये 'युनायटेड आर्टिस्ट्‌स'ने असे अकरा लघुपट दूरचित्रवाणीवरून काढून घेतले.

हे परदेशातील प्रकरण म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. डिस्नेच्या 'जंगल बुक'चे (१९६७) उदाहरण घ्या. किपलिंगच्या कथेतील रान शिवनीचे, नागपूरच्या उत्तरेचे. त्या कथेतील वानरांना राजा नाही. कोणाचेही शासन नसणे हेच त्यांचे लक्षण. चित्रपटाने तेथे भारतात न आढळणारा ओरांगउटान राजा म्हणून बसवला आणि जॅझच्या ठेक्यावर त्याला माणूस होण्याची आस गायला लावली. आवाज लुई प्रिमा या इटालियन वंशाच्या गायकाचा. पण जॅझ हे मुळात काळ्यांचे संगीत, आणि काळे अमेरिकन तेव्हा समान हक्कांसाठी झगडत होते. अशा वेळी ती आस वानराच्या मुखी घालणे निरागस कसे मानावे? प्रसंग रमणीय आहे, चाल मनातून जात नाही. परंतु कलेचे हे गुण दोषाला झाकत नाहीत, त्याला घरोघर पोचवतात.

'पडोसन'मधील (१९६८) मेहमूदच्या दक्षिणी संगीतशिक्षकाला पाहून आपणही पोट धरून हसलो. दिल्लीच्या सरकारी वसाहतींत तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी अशा साऱ्या शेजाऱ्यांना 'मद्रासी' हे एकच नाव मिळते, आणि आपली मुले ते आपल्याच तोंडून शिकतात. मुंबईत कोणी 'घाटी' म्हटले की मात्र आपल्याला झोंबते.

म्हणून रसिकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या पात्राच्या जागी त्याच्या जातीचा दुसरा कोणीही उभा केला तरी विनोद तसाच राहतो काय? राहत असेल, तर चित्रकाराने माणूस पाहिलेलाच नाही. आणि हसताना आपणही पाहिला नाही.