मर्यादित पालक : कलम १४ चं एक वाचन

आजच्या विषयाला मराठीत अजून नीट रुळलेला शब्द नाही. मी साधंच म्हणतो : मदत घेऊन, पण स्वतः निर्णय घेणं. यातला 'स्वतः' महत्त्वाचा. तो दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १४ मध्ये आहे का, एवढंच आज तपासायचं आहे.

कलम काय म्हणतं? एखाद्या अपंग व्यक्तीला पुरेशी आणि योग्य मदत दिली, तरीही ती कायद्याने बंधनकारक ठरणारे निर्णय घेऊ शकत नाही, असं जिल्हा न्यायालयाला किंवा राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आढळलं, तर तिला मर्यादित पालक देता येतो. हा पालक 'तिच्या वतीने', पण 'तिच्याशी विचारविनिमय करून' निर्णय घेतो. त्याखाली स्पष्टीकरण आहे. मर्यादित पालकत्व म्हणजे परस्परविश्वासावर चालणारी, दोघांनी मिळून निर्णय घेण्याची व्यवस्था. ठरावीक काळापुरती, ठरावीक निर्णयापुरती आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारी.

आता बघा. वर 'तिच्या वतीने', खाली 'दोघांनी मिळून' आणि 'तिच्या इच्छेनुसार'. दोघांचं एकमत असतं तोवर हे खपून जातं. पण समजा, चाळीस वर्षांची बाई म्हणते फ्लॅट विकायचा नाही, आणि पालक झालेला भाऊ म्हणतो विकायचा. स्पष्टीकरणाप्रमाणे बाईचं चालायला हवं. मुख्य कलमाप्रमाणे भावाची सही पुरते. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर यातलं काय टिकेल, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. शिवाय 'संपूर्ण मदत' देण्याची एक पळवाटही याच कलमात आहे. जुनं संपूर्ण पालकत्वच नाव बदलून परत आलं, असं मला तरी ते वाचताना वाटतं.

आणखी एक गंमत. आधीच्या कुठल्याही कायद्याखाली नेमलेले पालक यापुढे मर्यादित पालक समजले जातील, असं याच कलमात म्हटलंय. कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला आणि त्या दिवशी असे सगळे पालक कागदावर 'मर्यादित' झाले. घरात काय बदललं? बहुतेकांना ते कळलंही नसेल.

याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. इंग्रजीत आईवडिलांसाठी एक शब्द आणि कायद्याने नेमलेल्या पालकासाठी दुसरा. मराठीत दोन्ही 'पालक'च. शाळेतल्या सभेला जातो तो पालक, आणि पस्तिशीतल्या मुलाच्या वतीने सही करतो तोही पालक. त्यामुळे मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आपला तो अधिकार संपतो, हे आईवडिलांना पटतच नाही. 'आम्ही पालक आहोतच की, कागद कशाला?' आणि मग बँक किंवा पेन्शन कार्यालय कागद मागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करतात. 'आमच्या माघारी याचं कसं होणार' ही त्यामागची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. त्या भीतीवर व्यवस्थेकडे एकच औषध आहे : प्रमाणपत्र.

कलमातली पहिली अट आठवा. 'पुरेशी आणि योग्य मदत दिल्यानंतरही.' म्हणजे पालक ही शेवटची पायरी. मग आधीच्या पायऱ्या कुठल्या? करारनामा सोप्या मराठीत, चित्रांसह समजावून दिला का? बोलता न येणाऱ्या माणसाला हो-नाही सांगायला संवादफलक दिला का? एकाच भेटीत उत्तर न मागता आठवड्याने पुन्हा विचारलं का? त्याच्या विश्वासाचा माणूस शेजारी बसवला का? हे सगळं म्हणजे मदत. कलम वाचलं तर पालक नेमण्याआधी याचा हिशेब मागायला हवा. प्रत्यक्षात सगळ्यात आधी पाहिली जाते ती अपंगत्वाची टक्केवारी.

न्यायालयांकडे वळू. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन हा २००९ चा निकाल. शासकीय संस्थेत राहणारी, बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. तिला मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आदेश थांबवला आणि तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. निकाल मोठा आहे यात वाद नाही. पण तो कशावर उभा आहे? एक, तिची अक्षमता 'सौम्य ते मध्यम' होती. दोन, गर्भपाताच्या कायद्यात पालकाची संमती 'मानसिक रुग्ण' स्त्रीसाठी चालते आणि ही त्यात बसत नव्हती. म्हणजे मनोरुग्ण स्त्री बाहेरच राहिली. आणि तीव्र अक्षमता असलेली? निकालाची भाषाही 'तिच्या सर्वोत्तम हिताची' आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१४ मध्ये नेमकं हेच माप नाकारलं. हित ठरवू नका, इच्छेचा शक्य तितका अचूक अर्थ लावा, असं सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं. सत्तावीस वर्षांची मुलगी, बुद्ध्यंक ७५, वडील गर्भपाताची परवानगी मागतायत, मुलीचा नकार. सरासरीपेक्षा कमी बुद्धी असलेल्या स्त्रीला आई होण्याचा हक्क नाही का, असा सवाल न्यायालयाने केला. शिवाय तिला ज्याच्याशी लग्न करायचंय त्या माणसाला भेटून बोला, असं आईवडिलांना सुचवलं. मला हा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. हक्क मान्य करून न्यायालय थांबलं नाही, घरातल्या माणसांना त्या निर्णयाच्या बाजूला बसायला लावलं. 'मदत' या शब्दाचा अर्थ मला इथे दिसतो.

वेळ संपत आलीय, दोन कलमं झटपट. कलम १३ म्हणतं, मदतीची व्यवस्था ती व्यक्ती स्वतः बदलू किंवा मोडू शकते. आणि आर्थिक व्यवहारात मदतनीसाचा हितसंबंध आड येत असेल तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हावं. केवळ नातं आहे म्हणून हितसंबंध धरू नये, हेही त्यातच. मघाच्या फ्लॅटवाल्या भावाला या ओळीचा किती उपयोग होईल, याचा विचार करा. आणि कलम १५ : मदत करणारी माणसं समाजातून उभी करण्याचं काम प्राधिकाऱ्यांचं आहे. आपल्या जिल्ह्यात हे प्राधिकारी कोण, त्यांनी आजवर कोणती माणसं उभी केली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी नंतर थांबा. आता प्रश्न घेऊ.